सॉर्टचा जॉब अबेंड झाला की रीरनच्या आधी काय बघायचं

अमेरिकेतल्या मेनफ्रेमवरची रात्रीची बॅच (ओळीने आपोआप चालणारे जॉब) म्हणजे आपली सकाळ. घरात कुकरच्या शिट्ट्या चालू असतात, मुलांचा डबा भरायचा असतो आणि तेवढ्यात फोन येतो की अमुक जॉबची सॉर्ट स्टेप (रेकॉर्ड क्रमाने लावणारा टप्पा) अबेंड झालीय, म्हणजे मधेच बंद पडलीय, पुढचे चौदा जॉब अडकलेत, लवकर बघा. अशा वेळी बहुतेक जण काय करतात, तर एसडीएसएफमधे (जॉबचं आउटपुट बघायची स्क्रीन) जातात, कोड बघतात, स्पेस वाढवतात किंवा काहीच न करता सरळ रिस्टार्ट मारतात. कधी कधी जॉब चालूनही जातो. पण सॉर्ट ही अशी स्टेप आहे की तिथे न बघता रीरन केलं तर कधी कधी डेटाच हातचा जातो, ते पुढे सांगते, कारण माझ्या बाबतीत ते झालंय. म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय, खास करून जे नुकतेच प्रॉडक्शन सपोर्टला आलेत त्यांच्यासाठी.

सगळ्यात आधी एक सवय लावून घ्या. रीरनच्या आधी जॉबचं पूर्ण आउटपुट एका डेटासेटमधे (मेनफ्रेमवरच्या फाइलमधे) काढून ठेवायचं. एसडीएसएफमधे जॉबच्या पुढे एक्सडीसी टाकलं की प्रिंट टू डेटासेटचा पॅनल येतो, अर्धा मिनिट लागतं. रीरन झाल्यावर स्पूल (साठवलेलं आउटपुट) कोणीतरी पर्ज करतं, म्हणजे पुसून टाकतं, आणि मग दुपारी मीटिंगमधे कारण विचारतात तेव्हा दाखवायला काहीच नसतं.

आता वाचायचं कसं. जॉबच्या पुढे प्रश्नचिन्ह टाका म्हणजे डीडी वेगवेगळे दिसतात (डीडी म्हणजे स्टेपच्या एकेका फाइलला जेसीएलमधे दिलेलं नाव, आणि जेसीएल म्हणजे जॉब कसा चालवायचा ते लिहिलेली कार्डं). पहिल्यांदा जेस मेसेज लॉग, तिथे आयईएफ४५०आय ची ओळ शोधा, कुठली स्टेप आणि कुठला कोड ते त्यात असतं. मग त्याच ओळीच्या वरच्या चार-पाच ओळी वाचा, कारण खरं दुखणं बऱ्याचदा तिथे असतं, आयईसी ने सुरू होणारा मेसेज असेल तर त्यात डीडीचं नाव, व्हॉल्यूम (डिस्क) आणि डेटासेटचं नाव सगळं असतं. त्यानंतर सॉर्ट स्टेपचं सिसआउट, म्हणजे सॉर्ट आपले मेसेज जिथे लिहितं ते. इथे डीएफसॉर्टचे (आयबीएमचा सॉर्ट प्रोग्रॅम) मेसेज आयसीई ने सुरू होतात आणि सिंकसॉर्ट (दुसऱ्या कंपनीचा) असेल तर डब्ल्यूईआर ने, आणि चांगली गोष्ट अशी की नेहमी लागणारे काही नंबर दोघांचे सारखेच आहेत, म्हणजे ०४६ दोन्हीकडे कपॅसिटी आणि ०५४ दोन्हीकडे रेकॉर्ड काउंट. मेसेजच्या शेवटचं अक्षर बघा, आय असेल तर नुसती माहिती, ए असेल तर तुम्हाला काहीतरी करायचंय. वरून खाली येताना जो पहिला ए वाला मेसेज लागतो तोच खरा, त्याच्या खालचे बरेचसे त्याच्यामुळे आलेले असतात.

अजून एक गोंधळ नेहमी होतो. एका शॉपमधे सॉर्ट फसला की रिटर्न कोड १६ येतो आणि दुसऱ्या शॉपमधे तोच प्रॉब्लेम यू००४६ असा यूजर अबेंड म्हणून येतो. हे इन्स्टॉलेशनच्या सेटिंगवर आहे. यूजर अबेंडचा नंबर बहुतेक वेळा आयसीई मेसेजचाच नंबर असतो, त्यामुळे यू००४६ दिसलं की सिसआउटमधे आयसीई०४६ए शोधायला जायचं. आणि रिटर्न कोड २० आला तर मेसेज लिहायलाच जागा नव्हती, म्हणजे सिसआउट डीडी जेसीएलमधून राहिलाय, तो आधी घाला, त्याशिवाय बाकी सगळं अंधारात चाचपडणं आहे.

स्पेसचे अबेंड: बी३७, डी३७, ई३७

हे सगळ्यात जास्त येतात आणि यावरच सगळ्यात जास्त अंदाजपंचे काम चालतं. डी३७ म्हणजे प्रायमरी (फाइलला सुरुवातीला मिळणारी जागा) संपली आणि सेकंडरी (ती संपल्यावर थोडी थोडी मिळणारी) दिलेलीच नव्हती. बी३७ म्हणजे सेकंडरी पण घेऊन झाली, आता एक्स्टेंट (जागेचे तुकडे) तरी संपले किंवा व्हॉल्यूमवर जागा तरी नाही, आणि पुढचा व्हॉल्यूमही नाही. ई३७ त्याच्याच जवळचा, पीडीएसला (आत बरेच मेंबर असलेली लायब्ररी फाइल) हमखास येतो. लॉगमधे बी३७ ला आयईसी०३०आय, डी३७ ला आयईसी०३१आय, ई३७ ला आयईसी०३२आय मिळेल आणि त्या ओळीत डीडीचं नाव असेल, ते नाव वाचल्याशिवाय जेसीएलला हात लावू नका. मी कितीतरी वेळा बघितलंय की अडलंय सॉर्टआउटवर (आउटपुट फाइल) आणि माणूस सॉर्टवर्क (सॉर्टची मधली कामाची फाइल) वाढवत बसलाय.

सॉर्टआउट असेल तर हिशोब करा, खरंच कागदावर करा, दोन मिनिटं लागतात. समजा ४० लाख रेकॉर्ड आहेत आणि लांबी ५०० बाइट. ३३९० डिस्कच्या एका ट्रॅकवर हाफ ट्रॅक ब्लॉकिंगने २७,९९८ बाइटपर्यंतचे दोन ब्लॉक बसतात. ५०० च्या पटीत ब्लॉक धरला तर २७,५००, म्हणजे ५५ रेकॉर्ड, ट्रॅकला ११०, सिलिंडरला १५ ट्रॅक म्हणजे १,६५० रेकॉर्ड. ४० लाखाला १,६५० ने भागलं की साधारण २,४२५ सिलिंडर. आता जेसीएलमधे काय आहे ते बघा, समजा प्रायमरी ५०० आणि सेकंडरी ५० सिलिंडर. साध्या डेटासेटला एका व्हॉल्यूमवर १६ एक्स्टेंट मिळतात, प्रायमरी एका तुकड्यात मिळाली तर एक तो आणि पंधरा सेकंडरी, म्हणजे ५०० अधिक ७५०, एकूण १,२५०. लागणार २,४२५ आणि मिळणार जास्तीत जास्त १,२५०, मग वीस लाखाच्या थोडं पुढे जाऊन जॉब पडणारच, दहा वेळा रिस्टार्ट करा नाहीतर सेकंडरी ५० ची ६० करा. हा आकडा समोर असला की स्टोरेज टीमशी बोलणं पण सोपं जातं, कारण तुम्ही नुसती जास्त जागा मागत नाही, किती आणि का ते सांगता.

आणि एवढं झाल्यावर दुसरा प्रश्न विचारायचा, जो कोणी विचारत नाही: काल चालला होता तर आज का नाही? कालच्या आणि आजच्या रनमधला आयसीई०५४आय शेजारी शेजारी ठेवा, त्यात रेकॉर्ड इन किती आणि आउट किती ते असतं. रेकॉर्ड हळूहळू वाढत आलेत तर ती बिझनेसची वाढ, स्पेस वाढवा. पण एकदम दुप्पट झाले असतील तर वरच्या जॉबने फाइल दोनदा जोडलीय का ते बघा. तसं असेल आणि तुम्ही स्पेस वाढवून जॉब पुढे ढकललात, तर डुप्लिकेट व्यवहार खालच्या सगळ्या सिस्टिममधे जातील आणि ते निस्तरायला आठवडा जाईल. अशा वेळी बी३७ ने तुम्हाला वाचवलेलं असतं.

सॉर्ट कपॅसिटी एक्सीडेड: आयसीई०४६ए

यात कमी पडते ती सॉर्टची मधली कामाची जागा. डीएफसॉर्ट इनपुट किती मोठं आहे याचा अंदाज बांधतं आणि त्याप्रमाणे वर्क डेटासेट घेतं. फाइल डिस्कवर असेल तर अंदाज बरोबर येतो. पण इनपुट टेपवरून येत असेल, किंवा ई१५ एक्झिटमधून (सॉर्टला रेकॉर्ड पुरवणारं आपलं रूटीन) किंवा कोबोलच्या इनपुट प्रोसिजरमधून रेकॉर्ड येत असतील, तर त्याला कळणार कसं किती येणार ते. मग अंदाज चुकतो आणि अर्ध्यात जागा संपते. सिसआउटमधे आयसीई२५३आय असेल तर बघा, त्यात प्रोसेस झालेले आणि अपेक्षित असे दोन आकडे असतात, दोघांत जमीन-अस्मानाचा फरक असेल तर निदान झालंच.

उपाय म्हणजे सॉर्टच्या ऑप्शन कार्डवर (सॉर्टला सूचना देणारी ओळ) फाइलसाइझ द्यायचा, आणि तो ई लावून द्यायचा, म्हणजे अंदाज म्हणून:

ऑप्शन एफआयएलएसझेड=ई५००००००

ई न लावता नुसता आकडा दिला तर सॉर्ट तो अचूक धरतं आणि एक रेकॉर्ड जरी कमी-जास्त झाला तरी आयसीई०४७ए देऊन थांबतं, म्हणजे आगीतून फुफाट्यात. व्हेरिएबल लांबीची फाइल असेल तर सरासरी रेकॉर्ड लांबीचा पॅरामीटर पण द्या, कारण कमाल लांबी ३२ हजाराजवळ आणि प्रत्यक्षात रेकॉर्ड २०० बाइटचे असं खूप ठिकाणी असतं. कोबोलच्या आतला सॉर्ट असेल तर सॉर्ट-फाइल-साइझ या स्पेशल रजिस्टरमधे आकडा टाकता येतो.

अजून एक, जुन्या जेसीएलमधे सॉर्टवर्क०१ ते सॉर्टवर्क०६ असे डीडी हाताने लिहिलेले असतात, वीस वर्षांपूर्वीच्या साइझचे. ते असले की सर्वसाधारण सेटिंगमधे सॉर्ट डायनॅमिक अलोकेशन करतच नाही, त्या तेवढ्यातच भागवतं. ते डीडी काढून टाका आणि डायनॅमिकवर सोडा, माझ्या मते तरी आजच्या घडीला हाताने सॉर्टवर्क द्यायचं काही कारण उरलेलं नाही. त्यानंतर आयसीई०८३ए आला, तर मात्र डिस्क पूलमधेच जागा नाहीये, तिथे तुमच्या जेसीएलमधे शोधून काही सापडणार नाही, स्टोरेजवाल्यांना उठवा.

सॉक सेव्हन

एस०सी७, आपण सगळे सॉक सेव्हन म्हणतो. नंबर म्हणून जे वाचायला गेलं ते नंबर नव्हतंच. सॉर्टमधे हा येतो तो बहुतेक सम फिल्ड्समुळे (सारखी की, म्हणजे क्रम लावायचं फिल्ड, असलेल्या रेकॉर्डची बेरीज) किंवा इनरेक, आउटरेक, आउटफिलमधे (रेकॉर्डची मांडणी बदलणारी कार्डं) पॅक्ड फिल्डवर (एका बाइटमधे दोन अंक ठेवलेला नंबर) गणित किंवा एडिटिंग केलं असेल त्यामुळे. नुसती सॉर्ट की पॅक्ड असेल आणि आत कचरा असेल तर अबेंड होईलच असं नाही, उलट गुपचूप चुकीचा क्रम लागू शकतो.

प्रत्यक्षात कसा दिसतो बघा. पाच बाइटचं पॅक्ड फिल्ड आहे, १२३४५ ही किंमत. आयएसपीएफमधे (मेनफ्रेमचा एडिटर) हेक्स ऑन करून बघितलं तर ते ०० ०० १२ ३४ ५सी असं असतं, शेवटचा अर्धा बाइट सी, म्हणजे प्लसचं चिन्ह. मायनसला डी, अनसाइन्डला एफ. आणि बिघडलेल्या रेकॉर्डमधे त्याच जागी काय दिसतं तर ४० ४० ४० ४० ४०. हे ४० म्हणजे एबसिडिकमधली (मेनफ्रेमचा अक्षरांचा कोड) स्पेस. शेवटचा अर्धा बाइट शून्य, ते चिन्ह होऊच शकत नाही, म्हणून मशीन डेटा एक्सेप्शन देतं. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की सॉक सेव्हनची भीती कायमची जाते.

आता लाखो रेकॉर्डमधून तो एक शोधायचा कसा? डोळ्यांनी स्क्रोल करू नका. आयसीईटूल (डीएफसॉर्टसोबतचं टूल) वापरा, व्हेरिफाय ऑपरेटर त्याच कामासाठी आहे:

व्हेरिफाय फ्रॉम(इन१) ऑन(२१,५,पीडी)

ज्या रेकॉर्डमधे खोट आहे त्याचा नंबर आणि त्यातली हेक्स व्हॅल्यू छापून मिळते, काही वेगळं सांगितलं नाही तर २०० चुकांनंतर थांबतं. ते रेकॉर्ड बाजूला काढायचे असतील तर इन्क्लूडमधे न्यूमेरिक टेस्ट लावा, २१,५,पीडी,एनई,एनयूएम, की फक्त खराब रेकॉर्ड वेगळ्या फाइलमधे येतात आणि वरच्या टीमला पाठवायला पुरावा तयार होतो. प्रॉडक्शनमधे परस्पर ते रेकॉर्ड गाळून जॉब पुढे नेऊ नका, बिझनेसची लेखी परवानगी घ्या, पैशाचं फिल्ड असतं ते.

एक किस्सा सांगते म्हणजे लक्षात राहील. एक जॉब दोन वर्षं नीट चालला आणि एका महिनाअखेरीला सॉक सेव्हन. प्रोग्रॅम बदलला नाही, कार्ड बदललं नाही, लेआउट बदलला नाही. व्हेरिफाय चालवलं तर दोन रेकॉर्ड मिळाले, दोन्ही ट्रेलर, म्हणजे फाइलच्या शेवटी काउंट लिहिलेला असतो ती ओळ, आणि रकमेच्या जागी सगळ्या स्पेस. मग रोज हाच ट्रेलर होता तर रोज का नाही पडला? कारण सम फक्त सारखी की असलेल्या रेकॉर्डचीच बेरीज करतो. रोज एकच फाइल यायची, एकच ट्रेलर, त्याच्या कीसारखी दुसरी की नाही, त्यामुळे बेरजेची वेळच यायची नाही. महिनाअखेरीला सॉर्टइनवर (इनपुटचा डीडी) दोन फाइली जोडलेल्या होत्या, दोन ट्रेलर, दोघांची की सारखीच, पहिल्यांदा बेरीज करायला गेलं आणि पडलं. उपाय एका ओळीचा, हेडर-ट्रेलर ओमिट करा, पण ते कळायला आम्हाला तीन तास लागले.

पोझिशन चुकणं हे सॉक सेव्हनचं दुसरं मोठं कारण. कॉपीबुकमधे (रेकॉर्डचा लेआउट लिहिलेला असतो तो) मधेच कोणीतरी दोन बाइटचं फिल्ड घातलं की पुढचं सगळं दोनने सरकतं आणि सॉर्ट कार्ड मात्र जुनंच राहतं. आणि व्हीबी (व्हेरिएबल लांबीची) फाइल असेल तर पहिले चार बाइट आरडीडब्ल्यूचे, म्हणजे रेकॉर्डच्या लांबीचे, डेटा पाचव्या पोझिशनपासून सुरू होतो, एफबीवर (ठरावीक लांबीच्या फाइलवर) टेस्ट केलेलं कार्ड व्हीबीला लावलं की सगळं चारने चुकलं. व्हीबीमधेच आयसीई२१८ए येतो, म्हणजे एखादा रेकॉर्ड इतका छोटा आहे की तुमची की जिथे संपते तिथपर्यंत तो पोचतच नाही. त्याला व्हीएलशॉर्ट ऑप्शन आहे, पण तो लावण्याआधी असा छोटा रेकॉर्ड आला कुठून ते बघा, बऱ्याचदा तो यायलाच नको असतो.

बाकीचे भराभर सांगते

आयसीई०२७ए, फिल्ड रेकॉर्डच्या बाहेर जातंय, लांबी आणि पोझिशन परत मोजा. आयसीई०५६ए, डीडीच नाही, स्पेलिंग बघा. आयसीई०३९ए म्हणजे मेमरी कमी, रीजन आणि मेनसाइझ (दोन्ही मेमरीच्या मर्यादा) बघा, ८७८ किंवा ८०ए आला तरी तिकडेच जायचं. एस०१३ ला रीझन कोड वाचलाच पाहिजे, १८ म्हणजे पीडीएसमधे मेंबर नाही, २० म्हणजे एफबीचा ब्लॉकसाइझ लांबीच्या पटीत नाही. ९१३ ला आयसीएच४०८आय बघा, ती परवानगीची गोष्ट आहे, सॉर्टचा दोष नाही. २२२ म्हणजे कोणीतरी जॉब कॅन्सल केला, कोणी आणि का ते ऑपरेशन्सला विचारल्याशिवाय परत सोडू नका.

कार्डच्या सिंटॅक्सची चूक आली आणि कार्ड तर अगदी बरोबर दिसतंय असं असेल, तर दोन गोष्टी बघा. पहिल्या कॉलमपासून लिहिलंय का, कारण पहिला कॉलम लेबलसाठी आहे, स्टेटमेंट दुसऱ्यापासून सुरू करायचं. आणि ७१ च्या पुढे काही गेलंय का, ७२ वा कॉलम कंटिन्युएशनचा, ७१ च्या पुढचं सॉर्ट तुमच्या मनासारखं वाचणार नाही.

कोबोलमधून सॉर्ट होत असेल तर एक फरक लक्षात ठेवा, इनपुट किंवा आउटपुट प्रोसिजरमधे सॉक फोर (एस०सी४, चुकीच्या मेमरीला हात लागला) किंवा सॉक सेव्हन झाला तर लॉगमधे सॉर्टचं नाव दिसतं पण चूक तुमच्या कोडची असते. आणि प्रोग्रॅममधे सॉर्ट-रिटर्न तपासलंय का ते बघा, १६ आलं की तिथेच थांबवायला हवं.

एवढं करूनही कारण सापडत नसेल तर स्टेपमधे सॉर्टडायग डीडी डमी घालून चालवा, जास्तीचे डायग्नोस्टिक मेसेज मिळतात. ते आणि डंप सोबत असले की सिस्टिम प्रोग्रॅमरला किंवा व्हेंडरला काहीतरी धरून बोलता येतं.

रीरनच्या आधी, हे नक्की

आता सुरुवातीला म्हटलं ते. एका जॉबमधे सॉर्टइन आणि सॉर्टआउट दोन्हीकडे एकच डेटासेट होता, डिस्पोझिशन ओल्ड, म्हणजे फाइल आधीपासून असलेलीच. सॉर्टला हे चालतं, जागा वाचते म्हणून जुन्या लोकांनी केलेलं. एक तारखेच्या सकाळी तो ३२२ ने पडला, सीपीयू टाइम संपला. मी टाइम पॅरामीटर वाढवला आणि रीरन केला, रिटर्न कोड शून्य, खूश झाले. दोन जॉबनंतर कंट्रोल टोटल जुळेना. मागे जाऊन आयसीई०५४आय बघितला तर इनपुट ६१ लाख, आणि आदल्या दिवशी होतं एक कोटी दहा लाख. पहिल्यांदा तो पडला तेव्हा आउटपुट फेजमधे होता, म्हणजे ज्या फाइलमधून वाचलं त्याच फाइलवर परत लिहीत होता, अर्ध्यात थांबला आणि उरलेले रेकॉर्ड गेले. माझ्या रीरनने ती अर्धी फाइल छान सॉर्ट करून दिली. मग आदल्या रात्रीचा बॅकअप, त्यावर दिवसभराचे व्यवहार परत लावणं, रात्री आठला काम संपलं. त्या दिवसाचं मला अजूनही वाईट वाटतं, कारण पहिल्याच मिनिटाला दोन डीडी वाचले असते तर हे टळलं असतं.

म्हणून सॉर्टइन आणि सॉर्टआउट एकच आहेत का हे पहिलं बघायचं. असतील तर रीरन नाही, आधी बॅकअपमधून इनपुट आणायचं, मग रीरन, आणि त्याच आठवड्यात बदलाची रिक्वेस्ट टाकून सॉर्टआउट वेगळा करून घ्यायचा. मर्ज आणि कॉपीला तर एकच डेटासेट देऊच नका.

वेगळे असतील तरी सॉर्टआउटचं तिसरं डिस्पोझिशन (अबेंड झाला तर फाइलचं काय करायचं ते) बघा. डिलीट असेल तर अबेंडनंतर अर्धी फाइल आपोआप गेलेली असते. कॅटलॉग असेल तर ती अर्धी फाइल तशीच पडलेली असते, आणि जीडीजी (एकाच नावाच्या फाइलच्या ओळीने नंबर दिलेल्या आवृत्त्या, त्यातली प्रत्येक म्हणजे जनरेशन) असेल तर जास्तच जपा, कारण ती अर्धी जनरेशन आता शून्य, म्हणजे सगळ्यात ताजी, झालेली असते आणि तुम्ही जॉब पहिल्यापासून सोडलात तर नवी प्लस वन तिच्यावर चढते, मग जो जॉब सगळ्या जनरेशन एकत्र वाचतो तो अर्धे रेकॉर्ड दोनदा घेतो. आधी लिस्टकॅट (कॅटलॉगची यादी देणारी कमांड) मारून बघा किती जनरेशन आहेत, आजची अर्धी डिलीट करा, मग रिस्टार्ट. आणि जॉब संपला की रिटर्न कोड शून्य बघून लॅपटॉप बंद करू नका, आयसीई०५४आय उघडा आणि इन-आउटचे दोन आकडे कालच्याशी ताडून बघा.